सात सेंटिमीटरचं पान

ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. खिशातल्या मोबाइलच्या पडद्याची साधारण सात. ए-फोरवर बारा पॉइंटात जुळवलेलं पान मोबाइलवर आख्खं बसवायचं, तर अक्षर चार पॉइंटांवर येतं. डेमी आकाराच्या पुस्तकाचं जरा बरं. साडेपाच इंचांचं पान सातावर आणलं, तर अक्षर निम्म्यावर थांबतं. पण देवनागरीला निम्मंही परवडत नाही. आपलं अक्षर नुसतं आडवं चालत नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. चार पॉइंटांवर ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक चष्मा लावूनही कळत नाही. मग वाचणारा दोन बोटांनी पान ताणतो, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवतो, पुन्हा डावीकडे ओढतो, आणि तेवढ्यात खालची ओळ हातची जाते. असं दहा पानं वाचून झालं की मोबाइल खाली ठेवला जातो आणि खापर फुटतं ते ‘मोबाइलवर वाचनात मनच लागत नाही’ या वाक्यावर.

मन लागत नाही हे खरं, पण दोष मोबाइलचा नाही आणि वाचणाऱ्याचाही नाही. मोबाइलवर मराठीत आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं मोबाइलसाठी तयारच केलेलं नसतं. शासन निर्णय, परीक्षेच्या नोट्स, संस्थेचा वार्षिक अहवाल, आजोबांच्या आठवणींची पुस्तिका, व्हॉट्सअॅपवर फिरणारा दिवाळी अंक, सगळं कागदासाठी जुळवलेलं आणि पीडीएफ करून पुढे ढकललेलं. या पीडीएफचं पुस्तक करता येतं का, मोबाइलवर सुखानं वाचता येईल असं? येतं. त्याला लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. तरीही मराठीत ते फारसं होत नाही, याची कारणं शोधायची तर नाशिकइतकी चांगली जागा नाही.

पुस्तक दारी नेणारं गाव

वाचकाला पुस्तकाकडे बोलावण्यापेक्षा पुस्तक वाचकाकडे न्यायचं, ही या गावाची जुनी खोड. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचं ‘सावाना’, १८४० सालचं. राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी ते एक. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाची पेटी निघाली. विनायक रानडे यांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, गट ती वाचून काढतो आणि काही काळानं पेट्यांची अदलाबदल होते. या पेट्या नाशिकच्या वेशीबाहेर पडल्या आणि थेट दुबईपर्यंत पोहोचल्या.

गंगापूर धरणाच्या रस्त्यावर गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. इथे विद्यार्थी रोज वर्गात बसत नाही, त्यामुळे शिकवण्याचं काम पुस्तकालाच करावं लागतं. म्हणून या पुस्तकांची बांधणी नेहमीच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा वेगळी. प्रकरणाऐवजी ‘घटक’. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश आणि पारिभाषिक शब्द. वाचणारा पानं पुढे-मागे करणार, प्रश्न सोडवून उत्तर ताडून पाहणार, हे गृहीत धरूनच लिहिलेलं पुस्तक.

ही पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात वाचता येतात, आणि ही सोय लहान नाही. पण ती वाचणारा विद्यार्थी कोण, हे डोळ्यांपुढे आणा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणारा, पेठ-सुरगाण्याकडे अंगणवाडी सांभाळणारी, लग्नानंतर सुटलेली पदवी चाळिशीत पुन्हा हाती घेतलेली. यांच्याकडे संगणक असेलच असं नाही, मोबाइल मात्र असतो. बारा तासांच्या दिवसातून अभ्यासाला मिळणारा वेळ म्हणजे बसमधला आणि झोपण्यापूर्वीचा. तेवढ्यात प्रश्न एका पानावर आणि उत्तर साठ पानं पुढे असेल, तर बोटानं पानं ढकलण्यातच तो वेळ सरतो. ज्ञानगंगा घरोघरी पोहोचली आहे, आता ती हातातल्या सात सेंटिमीटरांत मावायला हवी.

पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांचीही तीच गत. गाडी कसारा घाटात शिरली की नेटवर्क जातं, व्हिडिओ अडकतो, बातम्या उघडत नाहीत. तिथे कामाला येतं ते आधीच उतरवून ठेवलेलं पुस्तक. आख्ख्या कादंबरीची ई-बुक फाइल बहुधा एखाद्या फोटोपेक्षा हलकी असते. त्याच कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ मात्र सहज पन्नास-शंभर एमबींची होते.

शिवलेला सदरा आणि धोतर

पीडीएफ १९९३ साली अॅडोबी कंपनीनं आणलं. हेतू स्पष्ट होता. एका संगणकावर केलेलं पान दुसऱ्या संगणकावर आणि छापखान्यात तसंच्या तसं दिसावं, ओळ हलू नये, फाँट बदलू नये. हे काम ते चोख करतं. निमंत्रणपत्रिका, सातबारा, प्रश्नपत्रिका, छपाईला जाणारं पुस्तक यांच्यासाठी पीडीएफला तोड नाही. पण जागा बांधून ठेवणं हाच त्याचा गुण असल्यानं मोबाइलवर तोच दोष ठरतो.

ई-बुकचा विचार उलटा. इथे पान मुळातच नसतं. असतो तो मजकूर आणि त्याच्या घडणीची माहिती: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही कविता, ही तळटीप. ओळ कुठे मोडायची, अक्षर केवढं दाखवायचं, हे वाचकाच्या हातातलं यंत्र त्या क्षणी ठरवतं. पीडीएफ म्हणजे शिवलेला सदरा, एकाच मापाचा. ई-बुक म्हणजे धोतर, ज्याच्या अंगावर तसं नेसावं.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणानं ४ जुलै १९७१ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ सुरू झाला. निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे साचे बरीच वर्षं चालले. २००७ मध्ये ‘ईपब’ हा सामाईक साचा ठरला, २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, आणि आज त्याची देखभाल वेबचे नियम ठरवणारी जागतिक संस्थाच करते. अॅमेझॉननं स्वतःचा ‘मोबी’ साचा बराच काळ चालवला, पण २०२२ पासून किंडलवर स्वतःची पुस्तकं पाठवायलाही ईपब चालू लागलं. त्यामुळे कोणता साचा घ्यावा, हा प्रश्न आता उरलेला नाही.

ईपबच्या पोटात काय असतं, हे घरी पाहता येतं. संगणकावर फाइलच्या नावामागचं ‘ईपब’ पुसून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत प्रत्येक प्रकरणाचं एकेक वेबपान, चित्रांचा कप्पा, अक्षर-परिच्छेदांचे नियम लिहिलेली एक फाइल, पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा यांची नोंद आणि अनुक्रमणिका. बस्स. म्हणजे ई-बुक ही गाठोड्यात बांधलेली एक छोटी वेबसाइट, नेटवर्कशिवाय चालणारी.

बेचाळीस रात्री

नाशिकशी नातं असलेलं एक पुस्तक उदाहरणाला घेऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि त्यातला बहुतेक भाग अवघ्या काही दिवसांत तिथेच लिहून काढला. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं लेखनहक्क टिकतो. त्या हिशेबानं १ जानेवारी २०११ पासून हे लेखन सर्वांसाठी खुलं आहे.

पुस्तकाची रचना ई-बुकसाठी जणू आयती आहे. एकेका रात्री श्याम एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. प्रत्येक रात्रीला शीर्षक. वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये मजकूर घेतला आणि प्रत्येक रात्रीच्या शीर्षकाला ‘हेडिंग वन’ ही शैली लावली, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. गूगल डॉक्समध्ये ‘फाइल’, मग ‘डाउनलोड’, मग ‘ईपब’ एवढं केलं की पुस्तक हातात येतं. लिब्रेऑफिसमध्येही २०१८ पासून ही सोय आहे. अधिक हुकमत हवी असेल तर ‘कॅलिबर’. भारतात जन्मलेल्या कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी स्वतःची गरज म्हणून लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं, आणि तेही विनामूल्य. वर्डची फाइल द्या, ईपब घ्या. काम मिनिटभराचं.

मग अडतं कुठे? अडतं ते या मिनिटाच्या आधी. गूगल डॉक्समध्ये मजकूर घ्यायला मुळात मजकूर लागतो, आणि आपल्याकडच्या असंख्य फाइलींत मजकूर नसतोच. असतं ते त्याचं चित्र किंवा त्याचं सोंग.

अक्षराचं सोंग

आधी सोंग पाहू. एखादी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मराठी पीडीएफ उघडा. पडद्यावर सुबक मराठी दिसतं. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मराठीचा मागमूस नाही. तुरे-टोप्या घातलेली रोमन अक्षरं, गणिताची चिन्हं, पाउंडाची खूण. फाइल बिघडलेली नाही. ती पहिल्यापासून अशीच होती.

डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे डीटीपी, मराठीत रुजलं तेव्हा संगणकाला देवनागरीची वेगळी ओळख नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा कैक फाँटांनी तोडगा काढला: रोमन अक्षराच्या घरात मराठी आकृती बसवायची. संगणक आत रोमन अक्षर साठवतो, पडद्यावर ‘क’ दिसतो. छपाईपुरतं हे पुरेसं होतं, आणि या फाँटांच्या जोरावर मराठी प्रकाशनानं दोन-तीन दशकं काढली, हे ऋण मानलंच पाहिजे. पण प्रत्येक कंपनीनं घरं आपापल्या मर्जीनं वाटली. एका फाँटातलं मॅटर दुसऱ्यात नेलं की वाचता येत नाही. ‘फाँट मिसिंग दाखवतंय’ हे वाक्य न ऐकलेला डीटीपीवाला नाशिकच काय, महाराष्ट्रात सापडणार नाही.

युनिकोडनं हा घोळ मुळातून संपवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५, जगातल्या कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फाँटात. पण छपाईचं जग लगेच वळलं नाही. डीटीपीवाल्यांचा लाडका पेजमेकर युनिकोड जाणत नव्हता आणि त्याची शेवटची आवृत्ती शतक उलटता उलटता आली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये देवनागरीची नीट सोय २०१२ च्या सुमारास झाली. तोवर हजारो मराठी पुस्तकं जुन्या फाँटांत जुळवून झाली होती. छापून झाल्यावर कितीतरी फाइली सीडीवर राहिल्या, आणि त्या सीड्या आता वाचल्या जात नाहीत.

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, काही फुकटही. पण हे काम घरांचे क्रमांक बदलण्याइतकं सरळ नाही. ‘शिक्षण’ लिहिताना जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी टंकली जाते, मग ‘श’, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी ‘श’, मग वेलांटी. म्हणजे परिवर्तकानं प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेवायची. पुढे जोडाक्षर असेल तर आख्खं जोडाक्षर ओलांडायचं. तिथे गफलत झाली की ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते आणि ‘व्यक्तिगत’चं ‘व्यिक्तगत’. अशी तुटकी अक्षरं मराठी संकेतस्थळांवर तुम्ही पाहिली असतील. ती याच वाटेनं आली. रफाराचा प्रवास उलट्या दिशेचा. ‘मार्ग’मध्ये जुन्या फाँटात रफार ‘ग’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याला ‘ग’च्या आधी न्यावं लागतं.

खास मराठी अडचण अर्ध्या ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. परिवर्तकाला हिंदीची सवय असेल तर तो दोन्ही एकाच साच्यात ओततो आणि ब्रह्मगिरीवरून समुद्र दिसायला लागतो. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ‘बॅट’ नीट असते आणि ‘ॲप’ मोडलेलं.

म्हणून परिवर्तन झालं म्हणजे काम झालं, असं नाही. शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला हवं.

चित्रातून मजकूर

दुसरा प्रकार चित्राचा. छापील पुस्तकाचं पान स्कॅन केलं की मिळतो फोटो. त्यातून मजकूर काढणाऱ्या तंत्राला सगळे ओसीआर म्हणतात. एचपी कंपनीनं १९८० च्या दशकात सुरू केलेलं ‘टेसरॅक्ट’ २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यानं मोठी मजल मारली. ते मराठी वाचतं. गूगल ड्राइव्हवर पानाचा फोटो चढवून ‘डॉक्समध्ये उघडा’ म्हटलं तरी मराठी मजकूर मिळतो. स्वच्छ छपाई आणि सरळ स्कॅन असेल तर फळ चांगलं येतं. जुनी शिळाप्रेस किंवा खिळाछपाई, पिवळा कागद, मागच्या पानाची उमटलेली शाई असेल तर कसोटी लागते.

चुकांचे प्रकार ठरलेले. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल. ‘खाली’चं ‘रवाली’. गेलेला अनुस्वार. पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पृष्ठक्रमांक थेट वाक्याच्या मध्ये घुसलेला. ओळ संपताना तोडलेला शब्द तोडलेलाच राहिलेला.

त्यात जुन्या लेखनाची भर. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यांत १९७२ साली आणखी भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे व्युत्पत्तीचे अनुस्वार जागोजागी असतात. तपासनीस आजच्या सवयीनं ते पुसत गेला तर ती मूळ आवृत्ती राहत नाही. ठेवायचे की काढायचे, हे कामाला हात घालण्यापूर्वी ठरवून पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवायला हवं.

हे काम शिस्तीनं कसं करावं, याचा नमुना मराठी विकिस्रोतावर पाहायला मिळतो. हक्कमुक्त पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि ओसीआरचा मजकूर दुसऱ्या बाजूला. पान तपासलेलं नसेल तर खूण लाल. एकानं मूळ पानाशी ताडून दुरुस्त केलं की पिवळी. दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं तरच हिरवी. पूर्ण झालेलं पुस्तक एका बटणावर ईपब म्हणून उतरवून घेता येतं. काम करणारे स्वयंसेवक. कोणीही सामील होऊ शकतं, आणि रोज एक पान तपासलं तरी वर्षाकाठी एक पुस्तक तपासून होतं. कुठल्याही महाविद्यालयाच्या मराठी विभागाला यापेक्षा चांगला प्रकल्प सुचणं अवघड आहे. मुलांना मुद्रितशोधन येईल आणि पुस्तकही वाचून होईल.

घरच्या घरी, पण नीट

तुमच्याकडे युनिकोडमधलं हस्तलिखित असेल, सोसायटीच्या इतिहासापासून प्रबंधापर्यंत काहीही, तर पुढची वाट सोपी. चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, घडण शैलीनं दाखवा, सजावटीनं नको. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करून यंत्राला कळत नाही. त्याला ‘हेडिंग’ शैली लावा. नवं प्रकरण नव्या पानावर हवं म्हणून दहा वेळा एंटर मारू नका, पेज ब्रेक घाला. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला स्पेसबार वापरू नका.

दुसरी, दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह सोडा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’सारखा शब्द अर्धी ओळ खातो. अरुंद पडद्यावर दोन्ही कडा जुळवायला गेलं की शब्दांमध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवा. मात्रा-उकारांना श्वास मिळावा म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडं अधिक ठेवा.

तिसरी, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. हे किरकोळ वाटतं, पण आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वळणं ठरवून दिली. चांगल्या युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं असतात, आणि भाषा मराठी असल्याचं सांगितलं तरच ते मराठी वळण दाखवतात. फाँट पुस्तकात गुंफायचा असेल तर ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’सारखा खुल्या परवान्याचा घ्या. विकत घेतलेला फाँट असा वाटायची परवानगी असतेच असं नाही.

चौथी, कविता, तक्ते आणि तळटिपा यांच्याकडे हातानं लक्ष द्या. ओवी-अभंगाची लांब ओळ मोबाइलवर मोडते तेव्हा उरलेला तुकडा आत सरकवून दाखवावा लागतो, नाहीतर एका चरणाचे दोन चरण होतात. पाच रकान्यांचा तक्ता सात सेंटिमीटरांत मावत नाही. त्याचे दोन तक्ते करा किंवा मजकूर सरळ ओळींत मांडा. ‘पान ६२ पाहा’ ही सूचना ई-बुकमध्ये निरर्थक, तिथे दुवा हवा. मुक्त विद्यापीठाच्या धर्तीच्या पुस्तकांना तर दुव्यांचा सर्वांत मोठा फायदा. प्रश्नावर बोट ठेवलं की उत्तर, पुन्हा ठेवलं की परत प्रश्न.

फाइल तयार झाली की ती गूगल प्ले बुक्सवर किंवा किंडलवर चढवा आणि पहिल्यांदा घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाइलवर उघडून पाहा. अक्षर मोठं करा, लहान करा, रात्रीचा काळा पडदा लावा. जिथे मोडेल तिथे दुरुस्त करा.

ज्यांना पान दिसत नाही

या सगळ्या खटाटोपाची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे, हे नाशिकला वेगळं सांगायला नको. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या महाराष्ट्र शाखेचं, म्हणजे नॅबचं, काम इथून, सातपूरहून चालतं. दृष्टिहीन वाचक मोबाइलवर ऐकून वाचतो. अँड्रॉइडमधली ‘टॉकबॅक’ सोय पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते आणि मराठीही बोलते. पण स्कॅन केलेल्या पीडीएफसमोर ती मुकी होते, कारण तिथे मजकूरच नाही. जुन्या फाँटातली फाइल दिली तर ती रोमन अक्षरांची बाराखडी बरळू लागते. नीट केलेलं ईपब मात्र ती प्रकरणवार वाचते, शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारते, थांबल्या जागेवरून पुढे सुरू करते.

कायदा या वाचकाच्या बाजूनं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं लेखनहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करण्याची मुभा आली. यासाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. कमतरता कायद्याची नाही, स्वच्छ युनिकोड मजकुराची आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे आजी-आजोबाही याच रांगेत उभे आहेत. त्यांना वीस पॉइंटांचं अक्षर हवं असतं, आणि ते ई-बुकमध्ये एका बोटावर मिळतं.

हक्क आणि धास्ती

प्रकाशकांची धास्ती खोटी नाही. ‘ई-बुक काढलं की दुसऱ्या दिवशी फुकट फिरतं’ हे ते अनुभवानं म्हणतात. पण ई-बुक न काढलेली लोकप्रिय पुस्तकंही स्कॅन होऊन फिरतच असतात, तीही वाकड्या पानांची. चोरी ई-बुक नसल्यानं थांबलेली नाही. थांबलेला आहे तो पैसे देऊन नीट वाचायला तयार असलेला वाचक. त्याच्यासाठी पुण्याच्या बुकगंगाचं दालन आहे, आणि अॅमेझॉननं डिसेंबर २०१६ पासून मराठी ई-पुस्तकांना किंडलवर जागा दिली आहे.

वाचकानंही मर्यादा ओळखली पाहिजे. हक्कमुक्त पुस्तकाचं ई-बुक करून वाटणं हे सत्कार्य. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचे हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहेत. नाशिकचेच बाबूराव बागूल २००८ मध्ये गेले, त्यांचे २०६८ पर्यंत. भगूरचे सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२७ पासून खुलं. ही वजाबाकी करूनच फाइल पुढे पाठवावी. स्वतः विकत घेतलेलं पुस्तक स्वतःच्या वाचनासाठी बदलून घेणं वेगळं आणि ते दोनशे जणांच्या समूहावर टाकणं वेगळं.

विनामूल्य वाचायचं तर वैध वाटाही पुष्कळ आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं पुस्तकं घरपोच पाठवतं. यांतली बहुतेक पीडीएफच. जिथे मूळ मजकूर युनिकोडमध्ये आहे, तिथे त्याच फाइलीतून ईपब काढणं हे दुपारचं काम आहे. पैसा लागत नाही, निर्णय लागतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. लेखकानं हस्तलिखित युनिकोडमध्येच लिहावं आणि पुस्तक छापून आल्यावर शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्यांसह मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून मागून घ्यावी. ती आपलीच आहे. संस्थांनी आणि विद्यापीठांनी नव्या पुस्तकाच्या छपाईच्या करारातच पीडीएफबरोबर ईपब द्यावं, असं एक कलम घालावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही हे मनावर घ्यावं. दोन रकान्यांत जुळवलेला हा लेखसुद्धा पीडीएफ होऊन मोबाइलवर गेला तर वाचणाऱ्याला रकाना उतरून पुन्हा वर चढावं लागणार आहे. आणि वाचकांनी, कोणी पीडीएफ पाठवली की आभार मानून एवढं जरूर विचारावं: ‘याचं ईपब आहे का?’ मागणी झाल्याशिवाय मराठीत काही छापलं गेलेलं नाही, आणि हेही होणार नाही.